अकरावी सुई

समाजमंदिरात सुयांचं शिबिर.
ब्रह्मपुरीहून आलेली प्रणाली भिंतीवर चिकटवते
माणसाचं उघडं चित्र, टाळूपासून अंगठ्यापर्यंत रेघा,
रेघांवर ठिपके, ठिपक्यांशेजारी चिनी अक्षरं.
बायका पदर तोंडाला लावून हसतात.
ऋषी बोरकुटे तेवढे जवळ जाऊन बघतात,
तीस वर्षं त्यांनी मामा तलावाचं पाणी वाटलं आहे.
"हे तं पाट दिसून रायले."
हो काका, प्रणाली म्हणते, यातून शक्ती वाहते,
अडली की दुखतं.
"मंग तुडुम खोल ना बाई," म्हणत
ते सदरा काढून पालथे पडतात.

मी आशा. रजिस्टर माझ्याकडे.
नाव, वय, काय दुखते, सुया किती टोचल्या, किती काढल्या.
बाराव्या नंबरला पार्बता नैताम.
वय? "तुह्या सासूपेक्षा चार पावसाळे जास्त."
काय दुखते? "काय नाही दुखत ते लिव, लवकर होईल."
व्यवसाय?
पेन थांबला.

पार्बता सुईण.
या गावातल्या निम्म्या माणसांनी
जग पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या तळव्यांवरून, उलटं.
मग मी आले, खांद्याला पिशवी,
मोबाईलमध्ये अॅम्ब्युलन्सचा नंबर.
बरंच झालं ते. तेव्हापासून
या गावात बाळंतीण गेली नाही.
पण तिच्या दारातली वाट गवतानं बुजली
आणि त्यासाठी रजिस्टरात रकाना नाही.

घरकाम, लिहिलं मी.

माझ्या वेळी, टाके घालून मला घरी आणलं तेव्हा,
न बोलावता आली होती ती.
मोहाच्या टोळीचं तेल कोमट करून
चाळीस दिवस.
कंबर चोळताना गावातल्या भानगडी सांगायची,
एक दिवस मधेच थांबून म्हणाली,
"रडून घे. तेल जिरते मंग."

प्रणालीनं गुडघा चाचपला तशी
पार्बताबाईनं तिचं मनगटच धरलं.
"हात थंडा हाय तुहा. आंग घाबरते."
दोन्ही तळव्यांत घेऊन घासला,
एकेक बोट ओढून सोडलं,
"आता टोच."
गुडघ्यांना सहा, हातांना चार, एक टाळूवर.
वीज गेली. पंखा थांबला.
एक बकरी आत डोकावून, चित्र बघून, परत गेली.
म्हातारी डोळे मिटून पडलेली
आणि तिची बोटं तेवढी हलत होती,
हवेत कुणाला तरी चोळत.

दिवेलागणीला ती माझ्या ओट्यावर.
पाय हलके वाटतात का?
"अर्धे. अर्धं दुखणं ठेवलं वाटते पोरीनं, सोबतीले."
मग पाठ करून बसली, अंबाडा सोडला.
"पाय वं, फणी कायले अडते."

पोराला मोबाईलचा उजेड धरायला लावला.
पांढऱ्या केसांत केसाएवढीच एक सुई,
उभी.
टोचल्या अकरा, काढल्या अकरा.
अक्षर माझं, सही माझी.

तिनं माझं सगळं आंग पाहिलेलं,
मी तिच्या डोक्यालाही कधी शिवले नव्हते.
चिमटीत धरली. आली.
रक्त नाही, काही नाही,
मोहाच्या तेलाचा जुना वास तेवढा.

ती उठली नाही.
"आता हात लागलाच हाय तं दाब जरासं."

कुठे?
नकाशा तर प्रणाली गुंडाळून घेऊन गेलेली.
घरात तेल शोधलं, निळ्या बाटलीतलं खोबऱ्याचं निघालं.
"चालते," म्हणाली.
"पण आधी हात घास."